झांज, सुतळी आणि माझा उजवा कान

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याची माफी आधीच मागते. माझी शाळा चौथीपर्यंतची. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला अजून कळत नाही, आणि अक्षर म्हणाल तर एकमेकांत अडकलेल्या वायरींसारखं. माझी मुलगी रेखा दिवाळी अंकातले लोकांचे कामाचे अनुभव मला वाचून दाखवते. यंदा ती म्हणाली, "आई, तू पण लिही. चुका मी बघते." मला चारचौघांत बोलायला जमत नाही. वहीत मात्र जमतंय असं दिसतं. कुणाला दाखवायचं की नाही ते नंतर बघू.

सांगलीत विश्रामबागेत एक छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. तिथं मी मिक्सिंग करते. आमच्या गल्लीतल्या बायकांना बरीच वर्षं वाटत होतं की मी चटणी कुटायच्या डंकावर कामाला आहे. एकीनं तर दळणाचा भावही विचारला होता.

मिक्सिंग म्हणजे असं. गाणारा, ढोलकी, पेटी, टाळ हे सगळं वेगवेगळं पकडलेलं असतं. ते एकत्र करताना कुणाला पुढं बसवायचं, कुणाला मागं, कुणाला डावीकडं, हे ठरवायचं. लग्नाच्या पंगतीत पाहुणे बसवण्यासारखंच काम. मानाचा माणूस खांबाआड गेला की रुसवा आलाच.

मी इथं झाडलोट करायला आले होते. त्याआधी अकरा वर्षं विट्याला यंत्रमागावर होते. माझे मालक, म्हणजे रेखाचे वडील, वारले, रेखा लहान होती, म्हणून सांगलीला बहिणीजवळ आले. स्टुडिओ अण्णांचा. ते जैन घरातले, खाली त्यांचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आणि वर हा गाण्याचा नाद. मी फरशी पुसता पुसता एकदा बोलून गेले, "ढोलकी जरा लांब गेल्यागत वाटती." अण्णांनी मागं वळून बघितलं. म्हणाले, "फडकं ठेव खाली. इथं बस."

त्यांनी मला आधी ऐकायला शिकवलं नाही, स्पीकर मांडायला शिकवलं. ते म्हणायचे, "घरातला स्पीकर तोंडावर गोड बोलतो. आपला हा स्पीकर तसा नाही. आहे तेवढंच सांगणार, वर एक शब्द नाही. पण त्याला नीट बसवलं नाहीस तर तोही खोटं बोलतो."

दोन स्पीकर आणि आपलं डोकं, असे तीन कोपरे. तिन्ही बाजू सारख्या. अण्णा मोजपट्टी घ्यायचे. मला आकड्यांचा भरवसा नाही, म्हणून मी सुतळीला गाठ मारून घेतली. एका स्पीकरपासून दुसऱ्यापर्यंत गाठ, आणि तीच गाठ प्रत्येक स्पीकरपासून खुर्चीच्या पाठीपर्यंत. स्पीकरमधला बारका भोंगा आपल्या कानाच्या उंचीला पाहिजे. स्पीकर भिंतीला चिकटवायचा नाही, नाहीतर ढोल उगाच फुगतो आणि आपण तो कमी करून बसतो. मग खुर्चीत बसायचं आणि दुसऱ्या माणसानं भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. आरशात जिथं स्पीकर दिसला, तिथं आवाज भिंतीला आपटून आपल्याकडं परत येतो. तिथं काहीतरी जाड टांगायचं. आम्ही माझ्या बहिणीनं जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या दोन वाकळा टांगल्या होत्या. गायला येणाऱ्या मोठ्या लोकांना त्या बघून हसू यायचं. आवाज ऐकल्यावर हसायचे नाहीत.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. ऊसवाहतुकीचा एक ट्रॅक्टरवाला आला होता, त्याला गाण्यात एवढा ढोल पाहिजे होता की "कारखान्याच्या गेटावरचा वजनकाटा बी हालला पाहिजे". एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं गाणं केलं, तर त्याची माणसं प्रत्येक ओळीनंतर म्हणायची, "साहेबांचं नाव अजून वर घ्या." शेवटी गाण्यात नावच उरलं, चाल दिसेना. साहेब खूष झाले. मी त्या गाण्यावर स्टुडिओचं नाव घातलं नाही.

हळूहळू अण्णा दुकानात बसायला लागले आणि वरचं काम माझ्यावर आलं. प्रत्येक कामाचे अर्धे पैसे माझे. मला बरं वाटायचं. पण एक गोष्ट मी कुणाला सांगत नव्हते.

रेखा म्हणायची, "आई, तुझा फोन वाजतोय." मला ऐकू यायचा नाही. रातकिडे ऐकू येत नव्हते, तर मला वाटायचं, शहरात रातकिडे नसतातच. एकदा गावी जाऊन आले तेव्हा तिथंही नव्हते. मी विट्याला ज्या मागावर उभी राहायचे, त्याच्या उजवीकडचा माग जुना होता आणि फार आपटायचा. कान दुखायचे, मग बधिर व्हायचे, घरी गेल्यावर शिट्टीसारखं काहीतरी वाजत राहायचं. सगळ्याच बायांना व्हायचं. त्याला काय दुखणं म्हणायचं? मला अंदाज होता. पण अंदाज खरा ठरला तर परत फडकं हातात घ्यावं लागेल, म्हणून मी त्या अंदाजाकडं बघत नव्हते.

अशात कवठे महांकाळकडच्या एका वाडीतून धनगरी ओव्यांचा मेळा आला. ढोलवाले चार, झांजवाले सहा आणि गाणारे म्हाकूतात्या. तात्या सत्तरीच्या पुढचे, उंच, आवाज रानात घुमणारा. मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांच्या घशाला काहीतरी झाल्याचं सांगितलं होतं. ऑपरेशन करायचं होतं आणि त्यानंतर पुन्हा गाता येईल याची खात्री नव्हती. बिरोबाच्या काही ओव्या फक्त त्यांनाच येत होत्या. त्या राहाव्यात म्हणून वाडीनं घराघरातून वर्गणी काढली आणि पंधरा हजार रुपये आणून अण्णांच्या टेबलावर ठेवले.

तात्यांनी माईककडं बघून विचारलं, "ह्येच्यात वरडायचं का हळू बोलायचं?"

मी म्हटलं, "तुमी रानात गाता तसंच गा."

"रानात मेंढरं असत्यात. हितं कोन हाय?"

"मी हाय की."

सगळे हसले. तात्या दोन दिवस गायले. मधेच आवाज चिरकायचा, ते थांबायचे, कोमट पाणी प्यायचे, पुन्हा उभे राहायचे. सगळ्या ओव्या झाल्यावर म्हणाले, "आता गळा कापला तरी चालंल." त्यांच्या सुनेला ते आवडलं नाही. "आवं, असं काय बोलताय!" म्हणून तिनं त्यांना चांगलंच झापलं.

मी पंधरा दिवस मिक्सिंग करत बसले. ढोल छान लागला. पण झांज मला मरगळलेली वाटायची. झांजेला एक चमक असते, ती येईना. मी ती थोडी वर घेतली. दुसऱ्या दिवशी अजून थोडी. कापाकापी करून तिचा वरचा बारीक आवाज वाढवला. उजवी बाजू पण जरा कमी वाटत होती, तीही वाढवली. एके दिवशी मला झांजेची चमक ऐकू आली आणि मी स्वतःवरच खूष झाले. अण्णा तेव्हा लेकीकडं बेळगावला गेले होते. त्यांच्या कानावरून गेलंच नाही. मी पेनड्राइव्ह भरून दिला.

यात्रेला त्यांनी मला बोलावलं होतं. दुपारची वेळ, देवळासमोर लिंबाच्या सावलीत माणसं बसलेली, दोन्ही बाजूंना भोंगे बांधलेले. ऑपरेशन होऊन महिना झाला होता, तात्यांच्या गळ्याला पट्टी होती आणि ते घोंगड्यावर बसले होते. ओवी सुरू झाली. पहिल्या दमात पोरांनी कानांवर हात ठेवले. एक बाई लेकराला घेऊन उठली. मग दुसरी. बघता बघता भोंग्यासमोरची जागा रिकामी झाली. कुणी तरी ओरडलं, "बंद करा रं ते! कानात सळई घातल्यागत हुतंय!"

मला तसं काहीच होत नव्हतं. मला छान वाटत होतं. हेच मला सगळ्यांत भयंकर वाटलं.

तात्या उठून माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज फाटलेला, कुजबुजल्यासारखा होता. रागावले नाहीत. म्हणाले, "आक्का, झांज लय झाली. ह्येच्यात मी कुठं हाय?"

त्यांचा आवाज त्यात होता, पण झांजेखाली गाडला गेला होता. आणि आता तो पुन्हा गळ्यातून निघणार नव्हता. जे पकडून ठेवलं होतं, त्यातूनच तो बाहेर काढायला हवा होता. त्यासाठी लागणारे कान माझ्याकडं आहेत का, हे मला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "पैसे परत देते, तात्या. सगळे."

मला वाटलं, नको म्हणतील. मेळ्यातली बाकीची माणसं तसं म्हणायच्या बेतात होती. पण तात्या म्हणाले, "द्या. माझं असतं तर सोडलं असतं. ह्ये देवाच्या नावानं काढल्यालं हाय. बिघडल्या कामाचं देवाचं पैसं सोडायचा मला हक्क न्हाई, आन ठेवायचा तुमाला न्हाई."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. जाताना सुनेनं मला जेवू घातलं आणि कपाळाला भंडारा लावला.

घरी आले तरी मी कुणाला खरं सांगितलं नाही. रेखाला म्हटलं, भोंगे खराब होते.

त्याच आठवड्यात उंब्रजहून एक सुभेदार आले. तोफखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. नातवंडांसाठी त्यांना आपल्या नोकरीच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या होत्या. माणूस एवढा मोठ्यानं बोलायचा की माईक दोन हात लांब ठेवावा लागला. काम झाल्यावर ते उठेनात. माझ्याकडं बघत बसले.

"तुमी कुठल्या रेजिमेंटला होता?"

मला कळेना. "मी? मी विट्याला मागावर होते."

"तरीच. मघाधरनं बघतोय, मी बोललो की तुमी डावा गाल फुडं करताय. आमच्यात तोफेच्या बाजूला हुबी राहिल्याली सगळी मानसं अशीच ऐकत्यात. मी बी." त्यांनी आपला कान दाखवला. आत बारकं यंत्र होतं. "उजवा गेलाय तुमचा, आक्का. तपासून घ्या. लाजू नका. मी धा वर्सं लाजलो, तेवढ्यात बायकोचं निम्मं बोलनं ऐकायचं ऱ्हायलं." मग म्हणाले, "निम्म्यातलं निम्मं भांडान हुतं, ती गोष्ट येगळी."

मी हसले आणि मग तिथंच रडले. सुभेदार गडबडले. "पानी आणू का, पानी?" म्हणत वाकळेवरच आदळले.

मिरजेला जाऊन तपासणी केली. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला यंत्र लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मला वाटलं, यंत्र मधे बंद पडलंय. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाजांसाठी रेघ सरळ होती. बारीक आवाज आले की डाव्या कानाची थोडी खाली, आणि उजव्याची पायऱ्या उतरून थेट विहिरीत. "मोठ्या आवाजात काम केलंय का?" त्यांनी विचारलं. गेलेलं परत येणार नव्हतं.

तो कागद घेऊन मी तशीच स्टुडिओत गेले आणि कोपऱ्यातली सुतळी काढली. डाव्या स्पीकरला लावली, तर गाठ खुर्चीपर्यंत पोचेना. उजवीकडं लावली, तर ढिली पडली. खुर्ची चांगली वीतभर उजवीकडं सरकली होती. मी कधी सरकवल्याचं आठवत नव्हतं. रोज एखादं बोट सरकत गेली असणार. माझ्या बुडाला कळलं होतं, डोक्याला कळवून घ्यायचं नव्हतं. रोज सकाळी मोजून बघायची अण्णांची सवय मी कधीच सोडून दिली होती.

मग खाली गेले आणि अण्णांना सगळं सांगितलं. यात्रेचं, पैशांचं, कानाचं, आणि मला आधीपासून अंदाज होता तेही. अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे इतकी वर्षं माझा स्टुडिओ अर्ध्या कानावर चालला होता?"

"व्हय, अण्णा."

"आणि लोक म्हणत होते आवाज चांगला येतो."

"जाड आवाज चांगला यायचा."

मी म्हटलं, "उद्यापासून झाडायला येते."

"झाडायला दुसरी बाई आहे," अण्णा म्हणाले. "तिचे दोन्ही कान चांगले आहेत, पण तिला ढोलकी लांब गेलेली कळत नाही. माझं वय झालंय, माझे पण वरचे आवाज गेलेत. डोळ्याला चष्मा लागतो तसं काहीतरी शोध." वाडीला परत करायच्या पैशांतला अर्धा वाटा त्यांनी देऊ केला. मी घेतला नाही. त्यांनी मला विश्वासानं खुर्ची दिली होती आणि मी अंदाज लपवला होता. तो हिशेब माझा एकटीचा.

चष्मा शोधायला तीन महिने लागले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं, जाड आवाज डावीकडं, बारीक उजवीकडं, डोंगरासारखे. मी तपासणीचा कागद पडद्याशेजारी चिकटवला. माझी विहीर जिथं सुरू होते, तिथं पडद्यावर कुंकवाची टिकली लावली. टिकलीच्या पलीकडं माझ्या कानाचं ऐकायचं नाही, असा नियम केला. दुसऱ्यांची चांगली गाणी लावून त्यांचे डोंगर तिथं केवढे असतात ते बघायचं. आवाज हळू ठेवायचा, म्हणजे उरलेला कान दमत नाही. आणि अधूनमधून पाठ फिरवून उलटं बसायचं, म्हणजे उजव्या स्पीकरचं डाव्या कानाला ऐकू येतं. दार उघडून कुणी आलं तर त्यांना वाटायचं, बाई रुसून बसलीय.

एवढं करूनही तात्यांच्या ओव्यांना हात लावायचं धाडस होईना. शेवटी मी वाडीला फोन केला आणि तात्यांनाच बोलावलं.

ते सुनेबरोबर आले. मी त्यांना दोन स्पीकरांच्या मधल्या खुर्चीत बसवलं, सुतळी लावून. फिरती खुर्ची त्यांना पटली नाही. पाय घट्ट रोवून, हात मांड्यांवर ठेवून बसले. सुनेनं सांगितलं, "रानात कुठल्या मेंढराची घंटी वाजली, ते मामंजी बसल्या जागी सांगत्यात." मी मनात म्हटलं, मला अगदी हाच कान पाहिजे होता.

ओवी लावली. तात्यांनी लगेच हात वर केला.

"झांज तोंडात येती."

मी कमी केली.

"आता मेली. तसं न्हवं. आक्का, आमचा मेळा कसा हुबा ऱ्हातो बघितलाय न्हवं? ढोल माझ्या फुडं. मानसं बाजूला. झांजवालं माझ्या पाठीमागं, धा-बारा पावलांवर. झांज मला मागनं ढकलती, तवा मी गातो. तिला मागं न्या. मारू नका."

इतकी वर्षं मी हे काम करत होते, पण गाणारा कुठं उभा राहतो हे मी कधी विचारलं नव्हतं. मी आवाज कमी-जास्त करत बसले होते, आणि गोष्ट जागेची होती. झांज मागं नेली. बारीक टोक बोथट केलं, जरासा मोकळ्या रानाचा घुमारा दिला. पडद्यावर डोंगर टिकलीपाशी बसला. तात्या डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज निघत नव्हता, पण ते स्पीकरमधल्या स्वतःबरोबर गात होते, श्वास बरोबर त्याच जागी घेत होते.

सून पदरानं तोंड झाकून बाहेर गेली.

असे आठ दिवस बसलो. तात्या रोज सकाळच्या एसटीनं यायचे, दुपारच्या एसटीनं जायचे. काम संपलं तेव्हा मी म्हटलं, "ह्याचं काही देऊ नका, तात्या. पहिल्यातच धरा."

"न्हाई. वाईटाचं येगळं, चांगल्याचं येगळं. फुकट केलं तर ते तुमचं हुईल, आमचं न्हाई." पुढच्या खेपेला त्यांनी दोन जाड घोंगडी आणली. हातानं विणलेली, काळीभोर. मी नको म्हणू शकले नाही. वाकळा काढून ती भिंतीवर टांगली. खोली इतकी शांत झाली की अण्णा वर येऊन नुसतेच टाळ्या वाजवून बघत राहिले.

आता माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधीच सांगते, माझा उजवा कान अधू आहे, शेवटचं ऐकायला तुमचा माणूस बसवा. काही जण उठून जातात. एक बँजो पार्टीवाला तोंडावर म्हणाला, "मग लंगड्यानं शर्यत कशाला पळायची?" त्या दिवशी मी जेवले नाही. पण बरेच जण बसतात. आणि बसलेला माणूस आपलंच गाणं नीट ऐकायला शिकतो, हे मला आवडतं. एक खंत आहे. त्याआधीची जी कामं मी दिली, त्यांतल्या किती लोकांनी कानांवर हात ठेवले असतील, ते मला कुणी सांगितलं नाही.

पैशांचं सांगायचं राहिलं. एकदम द्यायला माझ्याकडं नव्हते. दर अमावस्येला वाडीला जायचे, जमतील तेवढे तात्यांच्या हातात द्यायचे. ते मोजायचे नाहीत, तसेच देवापुढं ठेवायचे. दीड वर्ष लागलं. शेवटच्या खेपेला गेले तेव्हा देवळात आम्ही नव्यानं केलेल्या ओव्या लागल्या होत्या आणि लिंबाखाली माणसं निवांत बसली होती. मी नोटा पुढं केल्या. या वेळी तात्यांनी सुनेला हाक मारून त्या मोजायला लावल्या, दोनदा. तिनं मान हलवली. तात्या फाटक्या आवाजात, पण भोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आक्काचं पैसं फिटलं. देवाचं आन आक्काचं आता कायबी देनं-घेनं न्हाई." त्यांचा आवाज माझ्या उजव्या बाजूनं आला होता, तरी मला सगळं ऐकू आलं.